गव्हर्नरसाठी तिसऱ्याला मत द्यायचा विचार करताय? आधी इलिनॉय सनशाइन बघा (साडेतीन स्टार)

मी रिपब्लिकनला मत देणारा माणूस, लपवायचं काय त्यात. शिकागोच्या सबर्बात घर घेतलं आणि प्रॉपर्टी टॅक्सचं पहिलं बिल आलं की भलेभले कॉन्झर्व्हेटिव्ह होतात. पण या राज्यात गव्हर्नरच्या बाबतीत आपल्या बाजूने जी काय निराशा केलीये ना, त्यामुळे दर निवडणुकीला तिसऱ्या (म्हणजे रिपब्लिकन-डेमोक्रॅट सोडून) पक्षाचं कोण उभंय हे शोधणं हा माझा उद्योग होऊन बसलाय. त्या शोधात जी साइट सगळ्यात कामाला आली तिचा हा रिव्ह्यू. नाव इलिनॉय सनशाइन, फुकट आहे, लॉगिन-बिगिन काही नाही.

साइट काय करते? लग्नात आहेराची वही असते ना, कोणी किती पाकीट दिलं ते लिहायची, तीच वही पण राजकारणाची. राज्याच्या इलेक्शन बोर्डाकडे जमा होणारी सगळी देणग्यांची माहिती उचलून ती माणसाला कळेल अशी मांडतात. इथे नियम असा आहे की १००० डॉलर किंवा जास्त देणगी आली की ए-वन नावाचा फॉर्म ५ कामकाजाच्या दिवसांत भरावा लागतो, आणि निवडणुकीच्या आधीच्या ३० दिवसांत तर २ दिवसांत. म्हणजे माहिती शिळी नसते, प्रचार चालू असतानाच कळतं पैसे कुठून येतायत.

आता याचा उपयोग काय ते २०१८ च्या उदाहरणावरून सांगतो, कारण त्या वर्षी आपल्यासारख्यांची फार पंचाईत झाली होती. रिपब्लिकन ब्रूस राउनर २०१४ ला आपल्या मतांवर गव्हर्नर म्हणून निवडून आला, मग दोन वर्षं राज्याला बजेटच नाही, शेवटी २०१७ ला विधिमंडळाने त्याचा व्हेटो मोडून इन्कम टॅक्स ३.७५ वरून ४.९५ टक्क्यांवर नेला, आणि त्यात काही रिपब्लिकन आमदारही सामील! बरं तिथे निदान व्हेटो तरी केला होता, पण त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने गर्भपाताला सरकारी पैसा देणाऱ्या बिलावर सही केली आणि पक्षातले कट्टर लोक जे भडकले ते भडकलेच. २०१८ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जीन आइव्ह्ज बाई त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तीन टक्क्यांच्या आसपास फरकाने हरल्या. विद्यमान गव्हर्नर स्वतःच्याच पक्षात एवढा काठावर वाचतो म्हणजे बघा.

मग नोव्हेंबरला करायचं काय? डेमोक्रॅट उमेदवार प्रिट्झकरला तर देणार नाही. सरकारची लुडबुड कमीत कमी हवी म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचा कॅश जॅक्सन होता, नेव्हीतून रिटायर झालेला, फॅमिली कोर्ट आणि आईबापांचे हक्क हा त्याचा मुख्य मुद्दा, माणूस पोटतिडकीने बोलायचा पण आपला विषय टॅक्स. आणि दुसरा सॅम मॅकॅन, रिपब्लिकन स्टेट सेनेटर, पक्ष सोडून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी’ काढून उभा. नाव वाचूनच वाटतं अरे हा तर आपलाच.

इथे ही साइट कामाला येते. मॅकॅनच्या कमिटीच्या (प्रचाराचे पैसे गोळा करणारी उमेदवाराची समिती) पानावर गेलं की दिसतं की पैशाचा मोठा वाटा ऑपरेटिंग इंजिनिअर्सच्या, म्हणजे बांधकामाची अवजड यंत्रं चालवणाऱ्या कामगारांच्या, लोकल १५० या युनियनकडून आलाय. युनियन! कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या उमेदवाराला! युनियनांचं आणि राउनरचं हाडवैर सगळ्या राज्याला माहीत, आणि मॅकॅन रिपब्लिकन असतानाही युनियनच्या बाजूने मत द्यायचा म्हणून राउनरने २०१६ ला प्रायमरीत त्याला पाडायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे राउनरची मतं खायला उभा केलाय अशी बोंब होती, मॅकॅन नाही म्हणायचा. मी म्हणतो युनियनचा पैसा घेणं गुन्हा नाही, पण नावात कॉन्झर्व्हेटिव्ह लावून मत मागणाऱ्याला पैसा कोण देतंय हे मला मत द्यायच्या आधी कळायला हवं. मेलमध्ये येणाऱ्या चकचकीत कार्डावर ते कोणी मोठ्या अक्षरात छापणार आहे का?

आणि एक गंमत जी मला या साइटच्या नादाने नियम वाचताना कळली. इथे देणग्यांना मर्यादा आहे, पण राज्यपातळीच्या निवडणुकीत एखाद्याने स्वतःचे अडीच लाख डॉलरच्या वर घातले की त्या शर्यतीतल्या सगळ्यांची मर्यादा उठते. राउनरने २०१६ च्या डिसेंबरातच स्वतःचे ५ कोटी ओतले होते, प्रिट्झकरने तर पुढे १७ कोटींच्या वर. म्हणजे अब्जाधीशांच्या भांडणात दार सताड उघडं, आणि त्याच दारातून तिसऱ्यालाही कोणी हवा तेवढा पैसा द्यावा.

आता दीड स्टार का कापले. पहिलं, देणगीदाराचं नाव फॉर्मवर जसं भरलं तसंच दिसतं, त्यामुळे एकच माणूस दोन-तीन स्पेलिंगने सापडतो आणि बेरीज आपली आपण करायची. दुसरं आणि मोठं, ही वही उमेदवार स्वतःच भरून देतो. पैसा आला कुठून ते बऱ्यापैकी कळतं, पण गेला कुठे ते तो सांगेल तेवढंच. याच मॅकॅनवर २०२१ ला केंद्राने खटला भरला, प्रचाराच्या पैशातून गाड्या घेतल्या, घराचे हप्ते भरले असले आरोप, २०२४ ला त्याने गुन्हा कबूल केला आणि साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. हे कुठल्याही साइटवर २०१८ ला दिसलं नसतं. तेव्हा त्याला ४.२ टक्के मतं पडली होती, ५ टक्के मिळाले असते तर त्या पक्षाला मान्यता मिळाली असती आणि पुढच्या वेळी नव्या पक्षासारख्या २५,००० सह्या गोळा करायची कटकट वाचली असती. थोडक्यात हुकलं, नशीब आपलं.

बाकीच्या साइटींचं पटकन सांगतो. बॅलटपीडिया तिसऱ्या पक्षाच्या उमेदवारांनाही पान देते, कोण उभंय हे बघायला उत्तम, पण त्यांची प्रश्नावली भरायची की नाही हे उमेदवाराच्या मर्जीवर. व्होट ४११ वर पत्ता टाकला की तुमचं बॅलट (मतपत्रिका) दिसतं, उमेदवारांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत असतात, म्हणजे अर्थात गोडगोडच. आणि ते प्रश्नांची उत्तरं देऊन ‘तुमचं ८० टक्के जुळतं’ सांगणारे क्विझ, ते चहा पिताना ठीक आहेत, त्यावरून मत देऊ नका.

आता ३ नोव्हेंबर २०२६ ला परत गव्हर्नर निवडायचाय. ही साइट वापरणार असाल तर उमेदवाराच्या नावावर थांबू नका, त्याच्या कमिटीचं पान उघडा आणि देणग्या मोठ्या रकमेपासून खाली लावून बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा आणि मतदानाच्या दोन दिवस आधी परत एकदा, कारण खरे मोठे चेक शेवटीच येतात. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर बघा, तक्ते लांब असतात.