द चिल्ड्रन ऑफ हूरिन : शाप निम्मा, हेका निम्मा

पाचपैकी चार गुण. एक कापला तो सुरुवातीच्या नावांच्या गर्दीपायी. कोण कुणाचा नातू, कुणाचा पुतण्या... आमच्या भावकीतला सातबारा सोपा म्हणायचा! अडलं की शेवटची नावांची यादी आणि नकाशा बघत वाचा.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन १९७३ साली गेले. त्यांच्या हस्तलिखितांतून मुलानं, ख्रिस्तोफरनं, २००७ साली हे सलग पुस्तक उभं केलं. अ‍ॅलन ली यांच्या चित्रांसाठी छापील प्रतच घ्या.

हूरिन लढाईत सापडतो. शत्रूचा म्होरक्या, काळोखाचा स्वामी मॉरगॉथ त्याच्या घराण्याला शाप देतो आणि त्याला डोंगरावर दगडी खुर्चीत बसवून पोराबाळांची वाताहत बघायला लावतो. इकडं आई मॉरवेन आठ वर्षांच्या पोराला, टूरिनला, परक्या राजाकडं, डोरिआथला धाडते. राजा तिलाही बोलावतो. ती जात नाही. दुसऱ्याच्या दारात कशाला राहायचं?

इथं मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसलो. चौथीत असताना मलाही जतहून सांगलीला, गावभागात मामांकडं ठेवलं होतं. वडील नव्हते, पाण्याचे हाल. मामा दर सुट्टीत म्हणायचे, "ताई, तू पण ये." आई कंडक्टरच्या हाती भाकरीचं गाठोडं द्यायची. स्वतः कधी आली नाही.

शाप मला निम्माच पटला. टूरिन डोरिआथहून पळून जातो, राजा त्याला माफ करतो, त्याचा दोस्त बेलेग रानोमाळ हिंडून ती माफी त्याच्यापर्यंत पोचवतो, आणि हा परत जायला तयार नाही. पुढं ज्या राज्यात राहतो त्या नार्गोथ्रॉंडला नदीवर पूल बांधायचा हट्ट याचाच. पूल पाडा म्हणून निरोप येतो, हा ऐकत नाही, आणि शत्रू त्याच पुलावरून आत येतो. पुढं स्वतःला टुरांबार म्हणवतो, म्हणजे नशिबाचा धनी. आमच्याकडं असल्याला हेकट म्हणतात. पण ड्रॅगन आई-बहिणीच्या हालांची थाप मारून त्याला घराकडं पळवतो, तिथं त्याला बोल लावायला जीभ रेटली नाही. धापा टाकत पोचतो तर घर रिकामं. आई आणि त्यानं कधी न पाहिलेली बहीण केव्हाच निघून गेलेल्या. कुठं? डोरिआथलाच!

बहिणीचं पुढं काय होतं ते सांगत नाही. फक्त रात्री वाचू नका. मी वाचलं आणि पहाटे साडेपाचला जतला धाकटीला फोन लावला. "काय झालं रे दादा?" म्हणाली. फोन खांद्यात धरून म्हशीची धार काढत होती, चरवीचा आवाज येत होता.