हायफूचं पॅकेज घेण्याआधी एवढं वाचा

मी ५१ वर्षांची आहे. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी जराशी ओघळली होती आणि जबड्याची कड पूर्वीसारखी रेखीव राहिली नव्हती, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण केस विंचरताना माझी नजर रोज तिथेच जायची. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने कातडी आवळायचा उपचार. कापाकापी नाही, तासाभरात काम, लगेच घरी, असं ऐकलं आणि मी एका क्लिनिकमध्ये गेले. त्याला आता आठ महिने झाले.

मला तपासणारी मुलगी पांढऱ्या कोटात होती. मी तिला डॉक्टर समजले आणि तिनेही माझा समज तसाच राहू दिला. ती तिथे पॅकेज विकायला बसते, हे मला पैसे भरल्यावर कळलं. तिने माझ्या गालाला हातसुद्धा लावला नाही. एक फोटो काढला, पडद्यावर मोठा केला, त्यावर बोटाने रेघा ओढल्या आणि म्हणाली, "मॅडम, अगदी वेळेवर आलात. आणखी दोन वर्षं थांबलात तर ऑपरेशनच करावं लागेल." मी घाबरले. सवलत फक्त त्या दिवसापुरती होती. तीन सिटिंगचे सगळे पैसे मी तिथेच भरले आणि टॅबवर न वाचता सही केली.

हायफूचं तंत्र खोटं नाही, हे आधी सांगते. अल्ट्रासाउंडच्या लहरी त्वचेखाली ठरावीक खोलीवर एका बिंदूत गोळा करतात. तिथे तापमान साधारण ६० ते ७० अंशांवर जातं, तेवढा भाग आकसतो आणि पुढे हळूहळू नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होतं. खोली कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनला लावायच्या बदलत्या भागावर, ठरते. ४.५ मिलिमीटरचं कार्ट्रिज स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत पोचतं, ३ आणि १.५ चं त्याच्या वरच्या थरांपर्यंत. म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावर कुठे कोणतं वापरायचं, हे चेहरा हाताने चाचपून ठरवायला हवं.

मला तिन्ही कार्ट्रिजचे मिळून ६०० शॉट, म्हणजे लहरींचे ६०० ठोके, सांगितले होते. पडद्यावरचा आकडा मला पडल्यापडल्या दिसत होता. हाडाजवळ तापलेली सुई टोचावी तसं व्हायचं, म्हणून मी मन रमवायला आकडेच बघत होते. २१४ वर मशीन थांबलं. कार्ट्रिज एकदाही बदललं नव्हतं. मी विचारलं तर "तुमची त्वचा चांगली आहे, जास्त लागले नाहीत" असं उत्तर आलं, आणि मला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर चेहरा खरंच भरलेला, ताणलेला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, एक छोटा व्हिडिओ करून पाठवा. मी आनंदाने पाठवला. तो सगळा परिणाम सुजेचा होता. कोलॅजन तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, तिसऱ्या दिवशी खरा फरक दिसूच शकत नाही. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच फोन तिसऱ्या दिवशी आला. आठवडाभरात सूज उतरली आणि चेहरा होता तसा झाला.

तसाच राहिला असता तरी मी गप्प बसले असते. पण हसताना खालचा ओठ डावीकडे खाली सरकेना. जबड्याच्या कडेने ओठाचा स्नायू हलवणारा एक बारीक मज्जातंतू जातो, त्याला उष्णता लागली होती. ओठ सहा आठवड्यांनी पूर्ववत झाला. गालांचं तसं झालं नाही. तिसऱ्या महिन्यात ते डोळ्यांखाली आत गेलेले दिसू लागले. मी मुळात बारीक चेहऱ्याची. जी थोडी चरबी होती तीही उष्णतेने कमी झाली आणि ओघळ उलट जास्त दिसायला लागली. तक्रार घेऊन गेले तर त्याच मुलीने गाल भरायला फिलरचं पॅकेज समोर ठेवलं. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला.

त्यांनी दाखवलेले माझे आधीचे आणि नंतरचे फोटो मी घरी शेजारी ठेवून पाहिले. आधीच्यात उजेड डोक्यावरून आणि हनुवटी खाली. नंतरच्यात उजेड समोरून, हनुवटी वर, ओठांवर हसू. आरशासमोर उभं राहून हनुवटी दोन बोटं वर उचलून बघा, जबड्याची कड लगेच सुधारते.

शेवटी मी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी गाल चिमटीत धरून सोडला, मला आडवं करून हातात आरसा दिला, वजन, पाळी, थायरॉइड सगळं विचारलं, दहा वर्षांपूर्वीचा फोटो मागवला. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, आणि शिवाय चरबी आणि हाडही झिजतं, हे त्यांनी समजावलं. "तुमची कातडी फारशी सैल नव्हतीच, आतला आधार कमी झाला होता," त्या म्हणाल्या. म्हणजे उष्णता देणारा कोणताही उपचार माझ्यासाठी जपूनच करायचा होता. बोटॉक्स स्नायू सैल करतं, तेही तीन-चार महिनेच, कातडी उचलत नाही. कातडी ओढून धरायला त्वचेखाली घालतात ते पीडीओ धागे साधारण सहा महिन्यांत विरघळतात. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर गरज पडली तर इंजेक्शनने विरघळवता येतं, पण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा, क्वचित नजरही जाऊ शकते. त्यामुळे ते कोण टोचतंय याला फार महत्त्व आहे. माझ्यासाठी त्यांनी तूर्त फक्त सनस्क्रीन आणि रात्री रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं मलम) सांगितलं, आणि सहा महिने काहीही करू नका म्हणाल्या. त्यांनी पॅकेजचं नाव काढलं नाही.

क्लिनिककडे मी मशीनचं मॉडेल, कार्ट्रिजचा क्रमांक आणि हात कुणाचा होता हे लेखी मागितलं. उत्तर आलं नाही. पैसे परत मिळत नाहीत, हे मी सही केलेल्या कागदात होतं. उरलेल्या दोन सिटिंगना मी गेले नाही.

माझा व्हिडिओ काढून टाका म्हणून तीनदा लिहिलंय. तो अजून तिथल्या प्रतीक्षागृहातल्या पडद्यावर चालतो, असं परवा एका मैत्रिणीने सांगितलं. निळ्या कुर्त्यातली, गाल वर करून हसणारी बाई दिसली, तर तो चेहरा तिसऱ्या दिवशीचा आहे.