बेळगावच्या हवेत रीफ टँक : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. टिळकवाडीतल्या आमच्या घरी ठेवलेल्या दोन फुटी रीफ टँकने (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या टाकीने) आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, तेव्हा तिच्याविषयी ठामपणे काही लिहिता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो. इथली हवा या छंदाला पुण्या-मुंबईच्या हवेपेक्षा अधिक मानवते. कस लागतो तो पाण्याचा, विजेचा आणि अंतराचा, आणि पैसेही याच क्रमाने खर्च करावेत.

टाकी ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची आहे. हिशेबाने तिच्यात १२० लिटर मावतात, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपास राहते. पंप, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि हीटर मागच्या कप्प्यांत लपतात, वेगळा संप (खालची जादा टाकी) लागत नाही, आणि नवशिक्यासाठी ही रचना मला योग्य वाटते. टाकीच्या संचासोबत आलेले लाकडी स्टँड मात्र भुशाच्या दाबलेल्या फळीचे होते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आणि मिठाच्या शिंतोड्यांत अशी फळी कडेने फुगते. स्थानिक सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायचे स्टँड करून घेणे स्वस्त पडते आणि ते टिकते. लोखंडी स्टँडचा मोह टाळावा, कारण काठावर साचणारे मीठ रंगाच्या प्रत्येक ओरखड्यातून गंज आत नेते.

आता पाण्याकडे वळतो, कारण निम्मी टाकी तिथेच जिंकली किंवा हरली जाते. शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येणारे पाणी पिण्यासाठी चांगले असले, तरी त्यातील क्लोरीन, फॉस्फेट आणि सिलिकेट प्रवाळांच्या टाकीत चालत नाहीत. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणीही चालत नाही, कारण चव राहावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळले जातात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्यावर येत नाही. त्यासाठी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेले स्वतंत्र आरओ युनिट घ्यावे. संपूर्ण खरेदीत याच वस्तूबद्दल मला कधी दुसरा विचार करावा लागला नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी बाहेर पडते, ही त्याची बोचणारी बाजू आहे. ज्या भागांत नळाला पाळीने पाणी येते, तिथे ते पाणी टाकीत साठवून भांडी-फरशीला वापरण्याची सोय आधी करावी.

“गोवा हिथंच तर हाय, चार कॅन समुद्राचं पाणी आणून घाल की!” असा सल्ला मला नातेवाइकांपासून गॅसवाल्यापर्यंत सर्वांनी दिला. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो हे खरे, परंतु किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल आणि जंतू असतात, शिवाय पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे गोडे पाणी मिसळून त्याचा खारेपणा बराच खाली येतो. कृत्रिम समुद्री मिठाचे पाणी दरवेळी सारखेच होते. २० लिटर पाण्याला साधारण पाऊण किलो मीठ पडते. ते चोवीस तास पंपाने फिरवून, खारेपणा दर हजारी ३५ म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ आला की पाणी वापरावे. हे मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याने नव्हे, तर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

टाकी भरल्यावर पहिला सव्वा-दीड महिना तिच्यात पाहण्यासारखे काहीच नसते, आणि दुकानदार काहीही म्हणोत, या काळात मासा सोडू नये. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात तेव्हाच टाकी जिवंत होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे अमोनिया तिथे गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. उलट नायट्राइटची धास्ती खाऱ्या पाण्यात तितकी नाही, कारण पाण्यातील क्लोराइड त्याला माशाच्या शरीरात शिरू देत नाही. यानंतर काचेवर आणि वाळूवर डायाटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, मग हिरवे केसाळ शेवाळ येते. घरच्यांना वाटते टाकी बिघडली. खरे तर ती वयात येत असते. त्या काळात शेवाळ मारण्याची औषधे न ओतता शंखगोगलगायी सोडाव्यात आणि दिव्याचे तास कमी करावेत.

हवामानाबद्दल माझा अंदाज आणि वस्तुस्थिती यांत गमतीशीर फरक निघाला. टाकी २५–२६ अंशांवर ठेवायची असते, म्हणून थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून अनेक जण मागे फिरतात. बेळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ च्या पुढे जातो, तरी रात्री गार होत असल्याने पाण्यावर वारा टाकणाऱ्या दोन छोट्या पंख्यांनी काम भागते; बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. खरी गरज हीटरची आहे, आणि तीही केवळ डिसेंबर-जानेवारीत नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाही २५ अंशांपलीकडे फारशी न जाणाऱ्या पावसाळी हवेत तो तासन्‌तास चालू असतो. संचातल्या हीटरवर विसंबू नये. स्वस्त थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर टाकी शिजते, म्हणून बाहेरचा वेगळा तापमान नियंत्रक लावावा.

पंख्यांमुळे दुसरे एक काम वाढते. वाफ होते ती केवळ गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहते. १०० लिटरमधले ५ लिटर उडाले तर खारेपणा ३५ वरून ३६.८ वर जातो, आणि हे उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत घडते. पाणी घटले की आपोआप शुद्ध पाणी सोडणारा ऑटो टॉप-अप ही चैन नसून गरज आहे. भर घालताना मिठाचे पाणी कधीही घालू नये.

विजेची गोष्ट नाजूक आहे. वळवाच्या वादळात आणि आषाढातल्या झडीत तारांवर फांद्या पडतात आणि वीज तासन्‌तास येत नाही. खानापूरकडच्या गावांत तर याहून अधिक. अशा वेळी टाकीत आधी संपतो तो प्राणवायू, ऊब नंतर जाते. म्हणून इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टाकीतले पाणी फिरवणारा पंखा) आधी जोडावा, हीटर मुळीच जोडू नये. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, कारण दुसऱ्या प्रकारच्या इन्व्हर्टरवर एसी मोटारी गुणगुणतात आणि तापतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप शेवटचा आधार म्हणून जवळ असावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सॉकेटमध्ये शिरत नाही, आणि त्या जोडणीवर ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावाच. खर्चाचे म्हणाल तर दिवा आणि मोटारी मिळून दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज लागते. पावसाळ्यात हीटरमुळे ती दुपटीवर जाते.

टाकीत काय ठेवावे याचा निर्णय माझ्यापुरता कायद्याने सोपा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे; समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. विक्रेते मोबाइलवर ॲक्रोपोरा, हॅमर या कठीण प्रवाळांची झगमगीत छायाचित्रे पाठवतात आणि “सगळे घेतात” म्हणतात. घेऊ नये. प्रवाळाच्या मृत सांगाड्याचा ‘लाइव्ह रॉक’ही यातून सुटत नाही, म्हणून मी भाजलेल्या सिरॅमिकचे दगड वापरले, ते दिसायला सुरुवातीला विटेसारखे असतात, पण गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ चढू लागले की फरक पुसट होत जातो. मासे घेताना पैदास केंद्रात वाढवलेली क्लाऊनफिशची जोडी मागावी. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचे तंत्र कधीच विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

टाकीत सध्या मऊ प्रवाळे आहेत : झोअँथिड, मश्रूम आणि एक छत्रीसारखे लेदर प्रवाळ. हे लेदर अधूनमधून आपले सगळे बोंडांसारखे पॉलिप आत ओढून घेते, चार-पाच दिवस मेणचटलेले, करडे, अगदी मेल्यासारखे दिसते, आणि मग प्रवाहात एक पातळ पापुद्रा कडेने सुटून फडफडू लागतो. तो गळून गेला की खालची त्वचा पूर्वीपेक्षा उजळ असते. या काळात त्याला हात न लावता वेव्हमेकरचा झोत किंचित त्याच्याकडे वळवणे एवढेच करावे. झोअँथिडच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असते. त्यांना हातमोजे घालूनच हाताळावे आणि त्यांचा दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचे औषध या टाकीत घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ हे सगळेच दगावतात. त्यासाठी वेगळी छोटी टाकी लागते, आणि नवा मासा काही आठवडे आधी तिथेच ठेवणे शहाणपणाचे.

देखभाल ऐकायला वाटते तेवढी जाचक नाही. आठवड्याला १० लिटर पाणी बदलणे, काच पुसणे, स्किमरचा काळपट, उग्र वासाचा पेला धुणे आणि क्षारता (खारेपणा नव्हे, पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) तपासणे, एवढ्यात रविवार सकाळचा तास-दीड तास जातो. माझ्या किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्यात थेंब मोजत जावे लागते. निळा रंग ज्या थेंबाला पिवळा होतो, तो आकडा आठ-नऊच्या दरम्यान आला की मी कॅल्शियमच्या मागे लागत नाही. मऊ प्रवाळे कॅल्शियम फार थोडे उचलतात आणि पाणी बदलण्यातूनच त्यांची गरज भागते. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये, त्याने डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची चिकट, बुडबुड्यांची जाळी पसरण्याची शक्यता वाढते.

अंतराचा त्रास राहतोच. मीठ, रेझिन आणि टेस्ट किट मला बहुधा बाहेरून मागवावे लागतात, म्हणून मिठाची एक बादली आणि वेव्हमेकरचा एक जादा रोटर घरात पडून असणे आवश्यक मानतो. गणपतीत गावी जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली तर माशांचे खाणे एकेका दिवसाच्या पुडीत बांधून ठेवावे आणि बाकीचा डबा कपाटात कुलूपबंद करावा, कारण प्रेमाने जास्त घातलेल्या खाण्याइतके पाणी दुसऱ्या कशानेही नासत नाही.