भंडारदऱ्याचा स्क्रीन-फ्री कॅम्प: पोरांना चार स्टार, दादालोकांच्या मोबाईलला एक

मे एंडला मुलाला (वय १०) भंडारदऱ्याजवळच्या एका निवासी कॅम्पला पाठवलं होतं, ५ रात्री, पुण्याहून बसने नेणं-आणणं धरून साडेतेरा हजार. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारपण आहे आणि माणसं तशी वाईट नाहीत.

फोनबंदी मात्र एकदम खरी. बसमध्ये चढतानाच स्मार्टवॉचसुद्धा काढून घेतलं, आमच्या पोराने विचारलं मग टाइम कसा कळणार, तर तिथला दादा म्हणे भूक लागली की कळेल. पहिल्या रात्री रडला. ताईने स्वतःहून फोन करून सांगितलं, लपवलं नाही, मला हे फार आवडलं (मी रात्रभर जागी होते ते सोडा).

जेवण गावातल्या मावशी करायच्या. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, एक दिवस मासवडी. घरी भाकरीला हात न लावणारा माणूस तिथे दोन-दोन खात होता म्हणे, आता घरी परत पोळीच हवी असते. करवंदं स्वतः जाळीतून काढून खाल्ली, एक टीशर्ट चिकाने कायमचा गेला आणि एक जांभळांनी. तेव्हा नवीन कपडे अजिबात देऊ नका.

कळसूबाईला पहाटे ५ ला बारी गावातून सुरुवात केली. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. आमचा हिरो लोखंडी शिड्यांपाशी घाबरून बसला, तर त्याला कोणी हसलं नाही आणि ढकललंही नाही, एक ताई त्याच्याबरोबर खालीच थांबली. धरणाच्या पाण्यात गुडघ्यापर्यंतच, तेही लाइफ जॅकेट घालून. सेफ्टीला पूर्ण मार्क. टॉयलेट मात्र ३४ मुलांत तीन, सकाळी ही रांग!

आता काजवे. आम्ही पाठवलं ते मुळात त्यासाठीच. वळवाच्या दोन सरी पडून गेल्या की पावसाळा लागेपर्यंतच काय ते दिसतात, त्यामुळे मेच्या मधली बॅच घेऊ नका, शेवटचीच घ्या. आणि शनिवार-रविवार टाळून, कारण त्या रस्त्यावर रात्री गाड्यांची जी लाइन लागते त्यात हेडलाइटच काजव्यांपेक्षा जास्त. मुलांना आधी नीट समजावलं होतं की नर लुकलुकून मादीला बोलावतो, आपण बॅटरी मारली की त्याचं बोलणंच तुटतं, म्हणून सगळ्यांच्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलेला. मग सादड्याच्या एका झाडाखाली अर्धा तास गप्प बसवलं, आणि मुलगा सांगतो की आई अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, आणि मग पलीकडचं झाड सुरू होतं आणि मग हे परत, आणि कोणीच काही बोलत नव्हतं, तो अमुकसुद्धा नाही (हा अमुक म्हणजे बसमध्ये सहा तास बोलणारा).

आणि तेवढ्यात एका दादाने रीलसाठी मोबाईलचा लाइट लावला. झालं. जवळचे काजवे विझले. मुलांनीच ओरडून बंद करायला लावला म्हणे.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. स्क्रीन-फ्री फक्त मुलांनाच का? संध्याकाळी साडेसहाला पालकांच्या ग्रुपवर रोज शंभर-दीडशे फोटो, आणि आम्ही सगळे आपापलं कार्टं झूम करून शोधतोय, "माझी दिसत नाहीये", "टोपी का नाही घातली", "याने कालचाच शर्ट घातलाय का". मीपण त्यातच, खोटं कशाला बोलू. पण एका फोटोसाठी ओढ्यात उडी परत मारायला लावली हे मुलाकडून कळलं तेव्हा डोकं फिरलं. ऑर्गनायझरला फोन केला, त्यांनी सॉरी म्हटलं, वर "पेरेंट्सच मागतात हो" पण म्हटलं. त्यात तथ्य आहे. पुढच्या वर्षी पाठवणार, पण आधी विचारणार की दादालोकांचे फोन कुठे ठेवता.

मोबाईल सुटला वगैरे काही नाही हां, घरी आल्यावर अर्ध्या तासात मागितला. फक्त परवा गच्चीवर सप्तर्षीच्या शेपटीचा बाक धरून पुढे स्वाती, तसंच खाली चित्रा असं मला दाखवलं, मला आजवर माहीतच नव्हतं.

आणि काल पोस्टकार्ड आलं. कॅम्पमध्ये लिहून घेतलेलं, तो परत येऊन नऊ दिवस झाल्यावर. "आई, इथं शी करायला रांग असते. लाडू सगळ्यांनी संपवले. मला फोन करू नकोस, इथं फोन नाहीये." पिनकोड चुकलाय, तरी पोचलं.