छोटा ट्रॅक्टर आणि त्याला पुढचा लोडर: तीन एकरवाल्यांसाठी, इंदूरहून

इंदूरच्या आसपास दोन-तीन एकरवाले आपले मराठी लोक बरेच आहेत, कोणाची वाडवडलांची उरलेली जमीन, कोणी रिटायर झाल्यावर घेतलेली, महू, सांवेर, देपालपूर कुठेही विचारा, प्रश्न तोच असतो की छोटा ट्रॅक्टर कुठला घ्यावा आणि त्याला पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलायचे लोखंडी हात आणि बकेट, बसवावा का. आमची जमीन खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे आहे, पेरू आणि लिंबाची बाग, थोडा गहू-लसूण, आणि गोठा. गोठा आहे म्हणून शेणखत उचलायचं काम बारा महिने, आणि त्यासाठीच हे सगळं केलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोडर खरंच हवा असेल तर आधी लोडरचं गणित करा आणि त्यावरून ट्रॅक्टर ठरवा. शोरूमला गेलं की सगळी बोलणी एचपीवर चालतात आणि लोडर म्हणजे नंतर लावून घ्यायची अ‍ॅक्सेसरी असल्यासारखं वागवतात, तसं ते अजिबात नाहीये.

आम्ही बघितलेल्यात महिंद्रा जिवो २४५ (२४ एचपी, दोन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह), कुबोटा निओस्टार बी२४४१ (तोही २४ एचपीच, पण तीन सिलिंडर) आणि जॉन डिअर ३०२८ ईएन (२८ एचपी) हे मुख्य होते. महिंद्राची ओजा सिरीज २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली, तीही बघण्यासारखी आहे, सगळे मॉडेल फोर व्हील ड्राइव्ह. स्वराज ७१७ सारखा १५ एचपीचा सिंगल सिलिंडर बागेतल्या डवरणीला, फवारणीला छान, पण लोडरचा विचार त्याच्यावर करू नका. आम्ही शेवटी २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घेतला. कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या गावाजवळ कोणाचा मेकॅनिक लवकर पोचतो यावर तुमचं उत्तर बदलेल आणि ते बदलायलाच हवं.

आता ती ७५० किलोची गोष्ट. जिवो आणि कुबोटा दोन्हीच्या कागदावर लिफ्ट ७५० किलो लिहिलेली आहे आणि सेल्समन छाती ठोकून सांगतो, "भिया, साढ़े सात सौ किलो उठाता है". उचलतो, पण मागे! तो आकडा मागच्या थ्री पॉइंट लिंकेजचा आहे, रोटावेटर-कल्टिवेटर जोडतो तिथला. पुढच्या लोडरशी त्याचा काही संबंध नाही. पुढे किती उचलेल हे लोडर कसा बनवलाय, पंप किती तेल फेकतो, पुढचा अ‍ॅक्सल किती सोसतो आणि मागे वजन किती आहे यावर ठरतं, आणि हे चारही प्रश्न विचारले की बऱ्याच ठिकाणी समोरचा गप्पच होतो.

बकेटचा हिशोब तर घरी बसून करता येतो. समजा १५० लिटरची बकेट आहे. त्यात शेणखत भरलं तर ओलं-कोरडं धरून सव्वाशे किलोच्या आसपास भरेल. त्याच बकेटमध्ये कोरडी वाळू भरली की २४० किलो झाले, आणि वर बकेटचं आणि हातांचं लोखंड वेगळं. या क्लासच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण ६०० ते ११०० किलोच्या दरम्यान असतं हे डोक्यात ठेवा, म्हणजे मोठी बकेट बनवून घ्यायचा मोह आवरेल. खतासाठी बनवलेली बकेट मुरुमात घालायची नाही, हे आमच्याकडे आता सगळ्यांना पाठ झालंय.

इथे बाजारात तयार लोडर दिसतात ते बहुतेक ४०-५० एचपीच्या मोठ्या ट्रॅक्टरचे. छोट्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यावा लागतो. आम्ही एका ठिकाणी तयार लोडर लावलेला ट्रॅक्टर चालवून बघितला, ओली माती भरून बकेट खांद्याएवढी वर नेली आणि वळवला, तर आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं, चांगलं बोटभर. चालवणाऱ्याने पटकन बकेट खाली घेतली म्हणून निभावलं. मागे काहीही जोडलेलं नव्हतं, आणि विकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खाली उतरून बघितलं तर लोडरचं ब्रॅकेट फक्त पुढे, इंजिनच्या बाजूला चार बोल्टवर कसलेलं. तिथून आम्ही नमस्कार करून निघालो.

ब्रॅकेटचं का सांगतोय तर ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हेच एकमेकांना बोल्टने जोडून त्याची पाठ झालेली असते. लोडर फक्त पुढे लटकवला की प्रत्येक धक्का त्या जोडांवर बसतो. म्हणून लोडरची सबफ्रेम, म्हणजे त्याला धरणारा लोखंडी सांगाडा, मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेऊन तिथे बांधायला लावा, मिस्त्री म्हणेल गरज नाही, तरी लावा, पट्टीचा खर्च जास्त होतो तो होऊ द्या. आमच्या मिस्त्रीने सांवेर रोडला हे काम नीट करून दिलं, पिना काढल्या की अख्खा लोडर स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि ट्रॅक्टर बागेत जायला मोकळा. बागेत झाडांच्या ओळीत लोडर घेऊन वळता येत नाही, त्यामुळे ही सोय फार महत्त्वाची आहे.

मागच्या वजनाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. पुढे बकेट भरली की पुढचा अ‍ॅक्सल टेकू होतो आणि मागचा भाग हलका होतो, म्हणजे नेमकी ब्रेकची चाकंच जमिनीवरची पकड सोडतात. आमच्याकडे शेत उताराचं आहे, पावसात काळी माती लोण्यासारखी होते, तिथे हे जिवावर बेतू शकतं. म्हणून उतारावर फोर व्हील लावलेलंच हवं, बकेट गुडघ्याच्या खाली, आणि भरलेली बकेट घेऊन उतरायचं असेल तर रिव्हर्समध्ये, बकेट चढाच्या बाजूला ठेवून. मागे रोटावेटर उचलून ठेवला तरी वजन मिळतं, पण गोठ्यात वळताना तो भिंतीला लागतो, त्यामुळे आम्ही काँक्रीटचा ठोकळा ओतून घेतला थ्री पॉइंटला जोडायला. शंभर लिटरचा ठोकळा म्हणजे साधारण २४० किलो, स्वस्तात काम झालं.

हायड्रॉलिकला दोन लिव्हरचा व्हॉल्व लागतो, एक लोडरचे हात वर-खाली करायला, एक बकेट कलती करायला. त्यात फ्लोट पोझिशन मागून घ्या, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप सरकते आणि गोठ्याची फरशी खरवडली जात नाही. आमच्यात लिव्हर आधी उजव्या गुडघ्याला लागत होते, वहिनींनी चालवून बघितल्यावर त्यांनीच जागा बदलून घ्यायला लावली. घरात जो रोज चालवणार त्यालाच फिटिंगच्या वेळी सीटवर बसवा. पॉवर स्टिअरिंग नसेल तर लोडरचा विचार सोडून द्या, भरलेल्या बकेटने स्टिअरिंग वळवताना खांदे जातात.

आवडलं नाही ते असं की एप्रिल-मेमध्ये इंजिनची गरम हवा सरळ पायावर येते, आणि सीट लांबच्या कामाला कडक आहे. तासाभराच्या खताच्या कामाला चालतं, दिवसभर रोटावेटर मारायचा तर पाठ बोलते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिली खोल नांगरट या एचपीचं काम नाही, ती आम्ही गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घेतो आणि पुढचं सगळं आपल्या छोट्याने.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, म्हणजे सहा लाखांच्या मूळ किमतीवर ७२ हजारांऐवजी ३० हजार, तर कोटेशनमध्ये जुना टॅक्स तर नाही ना ते बघून घ्या. रोटावेटरसारखी अवजारं मध्य प्रदेशच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर लॉटरीत मिळू शकतात, नंबर लागेपर्यंत थांबायची तयारी असेल तर अर्ज टाकून ठेवा. बाहेरून लोडर लावल्यावर ट्रॅक्टरची वॉरंटी राहते का हे डीलरकडून लेखी घ्या, विमा कंपनीलाही लोडरचं कळवा. आणि आपल्याच राज्यात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर टेस्टिंगची संस्था आहे, तिचा टेस्ट रिपोर्ट डीलरकडे मागा, त्यात पीटीओवर (रोटावेटर फिरवणारा मागचा दांडा) खरी पॉवर किती मिळते आणि लिफ्ट किती उचलते ते मोजून दिलेलं असतं. ब्रोशरपेक्षा तो वाचा.

गोठा नसेल, फक्त बाग असेल आणि वर्षातून कधीतरी ट्रॉलीभर माती इकडची तिकडे करायची असेल तर पुढचा लोडर घेऊच नका. मागे थ्री पॉइंटला लागणारी साधी बकेट बनवून घ्या, तिला ट्रॅक्टरचीच लिफ्ट पुरते, वेगळा व्हॉल्व नको, सबफ्रेम नको. फक्त मागे वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात, तेव्हा पुढच्या बंपरला प्लेटा लावा. आणि खड्डे, शेततळं, बांध असलं काही निघालं तर तासावर जेसीबी बोलवा.