स्पॅम फिल्टरचा टाइमआउट: मुदत वाढवावी की स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवावा?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याच्या मेल सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची तपासणी रखडू लागली, की टाइमआउटची मुदत वाढवण्याचा उपाय प्रथम सुचतो. परंतु पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मिल्टरला (मेल तपासणाऱ्या जोड-प्रोग्रॅमला) मजकूर तपासण्यासाठी मुळातच 300 सेकंद देत असल्याने, ती आणखी ताणल्यास जोडण्या अडकून राहतात. विलंबाचे मूळ बहुधा काळ्या याद्यांच्या (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांच्या) डीएनएस चौकशीत असते. म्हणून सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएस चौकश्यांची उत्तरे शोधून देणारा प्रोग्रॅम) बसवणे मला निःसंशय श्रेयस्कर वाटते, कारण त्यात उत्तरे साठवली जातात आणि स्पॅमहाउस ही काळ्या याद्या चालवणारी संस्था सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या चौकश्या नाकारते, ही अडचणही टळते. मात्र अनबाउंडने चौकश्या पुढे गूगलच्या 8.8.8.8 या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे पाठवू नयेत, हे कटाक्षाने पाहावे. मोठ्या अटॅचमेंटमुळे विलंब होत असेल, तर तपासणीची आकारमर्यादा घटवावी.