टॅमरॉन ९० मिमी मॅक्रो (२७२ई): काच उत्तम, पण आधी माउंट तपासा

टॅमरॉनची एसपी ९० मिमी एफ/२.८ डीआय मॅक्रो, म्हणजेच २७२ई, ही लहान वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढायची (मॅक्रो) लेन्स सेकंडहँड बाजारात आजही मिळते. निकॉनवाल्यांनी ती घेताना काचेवरची बुरशी शोधण्याआधी लेन्स उलटी करून माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडले जाणारे कडे, पाहावे. धातूच्या कड्यात फट असलेल्या स्क्रूसारखे बारीक डोके दिसले आणि नळीवर ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग असली, तर ती फोकसची मोटर नसलेली जुनी आवृत्ती समजावी. पुढे निघालेल्या मोटरच्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी नाहीत, पण जाहिरातीत दोघींचे नाव बहुधा एकच असते.

जुन्या आवृत्तीचा ऑटोफोकस कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतो. डी९०, डी७२००, डी७५०, डी८५० यांसारख्या बॉडीत ती मोटर आहे. २००६ सालच्या डी४०पासून डी३५०० आणि डी५६००पर्यंतच्या छोट्या बॉडींमध्ये नाही. झेड मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यावर एफटीझेड ॲडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेडवर बसवणारा जोड) लावूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण स्क्रू फिरवणारी मोटर त्या ॲडॅप्टरमध्येही नाही.

असे असले तरी केवळ मॅक्रोसाठी घेणाऱ्याने यावरून लेन्स नाकारू नये. १:१ वर, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकारात उमटतो तेव्हा, तो लेन्सच्या पुढच्या कडेपासून जेमतेम दहा सेंटिमीटरवर असतो, फोकसची खोली इतकी कमी उरते की श्वासानेही चतुराचा डोळा फोकसबाहेर जातो, आणि अशा वेळी फोकस हाताने ठरवून स्वतः किंचित पुढेमागे होणे हीच खात्रीची रीत आहे. झेड बॉडीवर प्रतिमा मोठी करून पाहता येते आणि फोकस पीकिंगही (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) मिळते, त्यामुळे तिथे हे काम उलट सोपे होते. पोर्ट्रेटसाठीही लेन्स वापरायची असेल, तर मात्र ऑटोफोकसची उणीव जाणवेल.

मॅक्रोत खरी अडचण येते ती ॲपर्चरवरचा ताबा गेला तर. जुन्या आवृत्तीची रिंग ३२ वर नेऊन लॉक केली नाही, तर निकॉन बॉडीच्या पडद्यावर सहसा ‘एफईई’ ही अक्षरे येतात आणि शटर उघडत नाही. लेन्स बिघडली असे समजून ती परत करणारेही असतात. जवळ जाताना एफ/२.८ चा आकडा आपोआप ५.६ कडे सरकतो, तोही दोष नव्हे. निकॉन बॉडी जवळच्या फोकसला प्रत्यक्षात उरणारे (परिणामी) ॲपर्चर दाखवते, कॅननची बॉडी दाखवत नाही, एवढाच फरक आहे.

कॅननकडे वेगळेच दुखणे आहे. फिल्मच्या काळातल्या सिग्मा या लेन्स कंपनीच्या अनेक लेन्स कॅननच्या डिजिटल ईओएस बॉडीवर ॲपर्चर पूर्ण उघडे असेपर्यंत चालतात आणि ते लहान करताच एररचा संदेश येतो, कारण कॅननची कॅमेरा-लेन्समधली संवादपद्धत परवान्याने न घेता सिग्माने ती स्वतः उलगडून वापरली होती. एफ/११, म्हणजे बारीक ॲपर्चर, न मिळणारी मॅक्रो लेन्स कितीही स्वस्त असली तरी महागच पडते. लाओवा या लेन्स कंपनीची १०० मिमी २एक्स मॅक्रो घेताना हाच मुद्दा लक्षात ठेवावा: फोकस सर्वत्र हातानेच करायचा असला, तरी तिच्या कॅनन ईएफ आवृत्तीत ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलते, निकॉन एफ आवृत्तीत ते रिंगने बदलावे लागते आणि व्ह्यूफाइंडर काळवंडतो.

२७२ईची काच मात्र नावाजण्यासारखीच आहे. वजन सुमारे ४०० ग्रॅम, ॲपर्चरच्या पाकळ्या नऊ आणि तपशील टोकदार. पुढची काच इतकी आत आहे की हूड नसले तरी फारसे बिघडत नाही. जवळच्या फोकसला नळी बरीच बाहेर येते आणि विषयावर तिची सावली पडू शकते. ऑटोफोकस मोटरच्या आवृत्तीतही मंदच आहे, तेव्हा फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारे बटण) वापरावा.

डी७२०० किंवा झेड बॉडी असलेल्याने जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाल्यास अवश्य घ्यावी. डी३५०० किंवा डी५६०० वर पोर्ट्रेटही काढायचे असतील, तर मोटरचीच शोधावी. व्यवहार ऑनलाइन असेल तर माउंटचा जवळून काढलेला फोटो आधी मागवावा आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो सौदा सोडून द्यावा.